तालुक्याला टर्फ विकेट द्या: मराठवाड्याच्या मैदानांसाठी खुलं पत्र

प्रति,
राज्यातील क्रिकेटचा कारभार पाहणारे पदाधिकारी,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या क्रिकेट संघटना
आणि जिल्हा व तालुका क्रीडा संकुल समित्या

महोदय,

२०२७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात पुरुषांचा एकदिवसीय विश्वचषक होणार आहे. १४ संघ, ५४ सामने. सामने तिकडे असले तरी त्या दिवसांत आपल्याकडे दुसरा विषय नसतो. संकुलाच्या मैदानात मोठा पडदा लागतो, रात्री उशिरापर्यंत मुलं तिथे बसतात, आणि एखाद्या व्यासपीठावरून भव्य स्टेडियमची घोषणाही होते. पडदा जरूर लावा. पण त्या मैदानाच्या मधोमध पोरांना खेळायला काय आहे, हे एकदा जवळ येऊन बघा. बहुतेक तालुक्यांत तिथे सिमेंटचा एक पट्टा आहे आणि त्यावर खिळ्यांनी ताणलेली काथ्याची मॅट. काही ठिकाणी तेही नाही.

आम्ही या आठ जिल्ह्यांत मुलांना शिकवणारे, पंचगिरी करणारे आणि रोलर ओढणारे लोक आहोत. आमच्या हाताखालचा मुलगा मॅटवर वाढतो आणि त्याची परीक्षा मात्र टर्फवर, म्हणजे माती-गवताच्या खेळपट्टीवर, होते. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आहे. म्हणून आपल्याकडे मागणी करतो आहोत, आणि लोकांनाही कळावं म्हणून उघडपणे करतो आहोत.

गुणवत्तेची शंका कुणाला असेल तर नोंदी पाहाव्यात. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्धच्या एकाच कसोटीत मराठवाड्यात जन्मलेल्या दोघांनी पदार्पण केलं, बीडचे संजय बांगर आणि औरंगाबादचे इक्बाल सिद्दीकी. जालन्याच्या विजय झोलने १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ चा युवा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बेनोनीला युवा विश्वचषकाच्या दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात २४५ धावांचा पाठलाग करताना बीडच्या सचिन धसने ९५ चेंडूंत ९६ धावा काढल्या, तेव्हा भारत अंतिम फेरीत गेला. ज्या देशात आता मोठ्यांचा विश्वचषक भरणार आहे, तिथल्याच खेळपट्टीवरची ही खेळी. अशी मुलं निघतात ती त्यांच्या घरच्यांच्या आणि गुरूंच्या जिद्दीवर. प्रत्येक मुलाच्या मागे एवढी जिद्द उभी राहू शकत नाही, म्हणून तर संस्था असतात.

आता मॅटबद्दल. मॅट वाईट असं आम्ही म्हणत नाही. पाऊस पडून गेल्यावर दोन तासांत खेळ सुरू करता येतो, हा तिचा मोठा गुण. पण सीझन बॉलचं, म्हणजे कातडी चेंडूचं, खरं शिक्षण तिच्यावर होत नाही. मॅटवर चेंडू एकसारखा आणि उंच उसळतो. त्यामुळे फलंदाजाला टप्प्यावरून थेट बॅट फिरवायची सवय लागते. काळ्या मातीच्या विकेटवर तोच चेंडू थांबून येतो, कधी घोट्याशी राहतो, आणि मुलगा बॅट आधी फिरवून झेल देऊन बसतो. फिरकी गोलंदाजाचं नुकसान त्याहून जास्त. काथ्याच्या धाग्यावर प्रत्येक चेंडू वळतो, म्हणून उंची देणं, वेग बदलणं, फलंदाजाला पुढे ओढणं यातलं काही शिकायची त्याला गरजच पडत नाही. टर्फवर पहिल्या दिवशी चेंडू वळत नाही, तेव्हा त्याच्याकडे दुसरं हत्यार नसतं. मॅटवर शिवण लवकर उसवते, चेंडू खरबरीत होतो. चकाकी राखून स्विंग करणं मुलांनी टीव्हीवरच पाहिलेलं असतं.

वेगवान गोलंदाजाची तर हाडं पणाला लागतात. मॅटवर स्पाइक्सचे बूट चालत नाहीत. मुलगा रबरी तळव्याच्या बुटात धावतो आणि पुढचा पाय सिमेंटवर आदळतो. नडगी दुखणं आणि पाठीचा खालचा भाग धरणं या तक्रारी आमच्याकडे पंधरा-सोळाव्या वर्षीच येतात. पुढे निवड चाचणीला तो पहिल्यांदा स्पाइक्स घालतो. पाय मातीत रुततो, धावण्याची लय बिघडते, दोन नोबॉल पडतात, आणि त्याची पाळी संपते. निवडणाऱ्यांना दिसतात ते नोबॉल. तो मातीवर आज पहिल्यांदाच पळतो आहे, हे त्यांना कुठून कळणार?

कसोटी क्रिकेटने मॅट कधीच सोडली. डिसेंबर १९५९ मध्ये कराचीत पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलिया खेळले, ती मॅटवरची शेवटची कसोटी. त्याला साठ वर्षांहून जास्त काळ लोटला.

आमच्या मनाला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. टर्फ विकेटला लागते चिकणमाती आणि हरळी, आणि या दोन्ही गोष्टी मराठवाड्यात पायाखाली आहेत. चांगल्या खेळपट्टीच्या मातीत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त चिकण अंश लागतो; आपल्या खोल काळ्या रानात तो सहज मिळतो. ओली झाली की फुगते, वाळली की आवळते आणि दगडासारखी होते, हा या मातीचा स्वभाव. शेतकऱ्याला हाच स्वभाव भेगांच्या रूपात छळतो आणि खेळपट्टीला याच स्वभावातून उसळी मिळते. हरळीचंही तसंच. शेतातून ती उपटून उपटून माणूस थकतो, पण विकेटवर तिच्यासारखं दुसरं गवत नाही. तिच्या मुळ्या खोल जाऊन माती बांधून धरतात आणि खालचा ओलावा वर ओढून घेतात. त्यामुळे पट्टा वरूनच न वाळता आतपर्यंत सारखा वाळतो.

मग काही ठिकाणी केलेल्या टर्फ विकेट एका हंगामात का उखडल्या? कारण त्या करताना जाणकार कुणी नव्हता. रानातली वरची माती ट्रॉलीने आणली, फूटभर जाडीने एकदम ओतली, वर पाणी मारलं आणि रस्त्याचा आठ-दहा टनी रोलर फिरवला. रोलरचा दाब वरच्या दोन-तीन इंचांपर्यंतच नीट पोचतो, खालची माती भुसभुशीत राहते. जड रोलरने पट्ट्याला लाटा येतात, कडा दबतात. वरच्या मातीत शेणखत आणि काडीकचरा असतो. तो कुजला की पोकळ्या पडतात. जानेवारीत वरचा थर खपल्यांसारखा सुटतो. मग त्यावर लाल माती पसरतात किंवा शेणाने सारवतात. लाल आणि काळी माती सारख्या प्रमाणात आकसत नाही, म्हणून दोन थर एकमेकांपासून सुटतात आणि एकाच टप्प्यावरून एक चेंडू डोक्याशी तर दुसरा पायाशी येतो. दोष मातीवर जातो, आणि पुन्हा सिमेंट ओतलं जातं.

नीट करायची तर रीत अशी आहे.

आधी माती निवडायची. चोपण रानातली किंवा खारवट माती घ्यायची नाही, ती पाण्यात विरघळते आणि वाळल्यावर पापुद्रा धरते. वरची सहा-आठ इंच माती बाजूला काढून खालची घ्यायची. काचेच्या बाटलीत मूठभर माती पाण्यात हलवून ठेवली की वाळू काही मिनिटांत खाली बसते, पोयटा काही तासांत, आणि चिकण अंश दिवसभर पाणी गढूळ ठेवतो. दुसरी परीक्षा म्हणजे माती चांगली मळून इंचभर व्यासाच्या गोळ्या करायच्या आणि चार-पाच दिवस सावलीत वाळवायच्या. अंगठ्याने दाबून फुटली तर ती माती सोडून द्यावी. यात उतरलेल्या मातीचे नमुने मग मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावेत. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारखी संस्था आपल्याच भागात आहे. खेळपट्टीच्या मातीसाठी तिच्या तज्ज्ञांना आजवर किती वेळा विचारलं गेलं?

मग खोदकाम. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर, आणि ३.०५ मीटर रुंद. गोलंदाजाचा पाय पडतो ती जागा धरून ८० फूट लांब आणि १० फूट रुंद पट्टा, सुमारे एक ते सव्वा फूट खोल खणायचा. तळाशी चार इंच खडी, तिच्यावर तीन-चार इंच जाड वाळू, म्हणजे पाणी खाली निघून जातं. वर सहा इंच दाबलेली चिकणमाती. हिशेब केला तर ८० गुणिले १० गुणिले अर्धा, म्हणजे ४०० घनफूट, म्हणजे दाबलेली चार ब्रास. सुटी माती पाच-साडेपाच ब्रास लागते. तीन पट्ट्यांचा चौक, म्हणजे शेजारीशेजारी तीन खेळपट्ट्या, करायचा तर सोळा-सतरा ब्रास. आपल्या तालुक्यातल्या एका पाझर तलावातून उन्हाळ्यात निघणाऱ्या गाळापुढे हा आकडा काहीच नाही.

माती चाळून घ्यायची, कारण आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे हमखास असतात आणि एका खड्यावर पडलेला चेंडू मुलाच्या तोंडावर येऊ शकतो. चार-पाच मिलिमीटरची चाळण पुरते. नंतर एक ते दीड इंचाचा एकेक थर अंथरायचा. प्रत्येक थर ओलवायचा, थांबायचं, तळहातावर माती वळून बघायची. हाताला चिकटली तर अजून वाळू द्यायची, चुरा झाली तर पाणी कमी आहे, न मोडता वळली की रोलर लावायचा. आधी पाचशे किलोचा हलका, मग एक ते दीड टनाचा, तोही चालत्या माणसाच्या निम्म्या गतीने. पुढचा थर टाकण्याआधी खालच्या थराचा पृष्ठभाग दाताळ्याने खरवडायचा. ही एक पायरी चुकली की दोन थरांत सांधा राहतो आणि पुढची दहा वर्षं ती विकेट दगा देते. असे थर चढवत सहा इंच भरायला आठ-दहा दिवस लागतात. घाई केली की वरवर गुळगुळीत दिसणारा आणि आतून कच्चा पट्टा तयार होतो.

‘पाणी कुठे आहे?’ हे उत्तर आम्हाला दर वेळी ऐकवलं जातं, आणि त्याचा आम्ही आदर करतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. तो निर्णय योग्यच होता, आणि आमच्या घरांतही तेव्हा टँकरचंच पाणी होतं. पण हिशेब खरा मांडावा. मैदानभर हिरवळ राखायला पाणी फार लागतं. ६५ मीटर त्रिज्येच्या मैदानावर दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचं तर सुमारे ६६ हजार लिटर होतात. आम्ही तेवढं मागतच नाही. एका पट्ट्याला त्याच हिशेबाने पावणेचारशे लिटर लागतं, तीन पट्ट्यांना अकराशेच्या थोडं वर. पाच हजार लिटरचा एक टँकर चार दिवस पुरतो, तोही फक्त खेळाच्या महिन्यांत. मैदानाचा बाकी भाग उन्हाळ्यात वाळू द्या, हरळी मरत नाही, मृगाच्या पावसावर परत फुटते. पॅव्हेलियनच्या छताचं पाणी टाकीत घेतलं तर टँकरही कमी लागतील. सांडपाणी शुद्ध करून वापरायचं असेल तर ते बाहेरच्या मैदानाला द्यावं. विकेटवर नको, त्यातल्या क्षारांनी माती बिघडते.

कामाचं वेळापत्रकही पावसाशी जुळतं. एप्रिलमध्ये तलाव आटलेले असतात, तेव्हा माती काढून वाळवायची आणि चाळायची. मे महिन्यात खोदून, थर भरून, वर ताडपत्री टाकायची, कारण मेच्या उन्हात उघडा पट्टा एका दुपारीत तडकतो. जूनचे पहिले पाऊस झाले की हरळीच्या गाठी तीन-चार इंचांवर लावायच्या. पावसाळाभर ती पसरते, पाणी फुकट मिळतं. सप्टेंबरअखेर छाटणी आणि रोलर, ऑक्टोबरअखेर पहिला सामना. एप्रिल २०२७ मध्ये काम सुरू केलं तर तिकडे विश्वचषक चालू असतानाच इकडची मुलं स्वतःच्या तालुक्यात टर्फवर खेळतील.

विकेट केली म्हणजे काम संपलं असंही नाही, आणि इथेच आमची दुसरी तक्रार आहे. सामन्याआधी आठ-दहा दिवस पट्ट्याला तीन-चार इंच खोल मुरेल एवढं पाणी द्यावं लागतं. मग सकाळ-संध्याकाळ रोलर, दुपारी झाकण, गवत टप्प्याटप्प्याने पाच-सहा मिलिमीटरपर्यंत कापणं, शेवटचे दोन दिवस पाणी बंद. सामना झाला की पायांचे खड्डे त्याच मातीने भरायचे, पाणी द्यायचं, पट्टा विसाव्याला सोडायचा. हे करणारा माणूस मैदानावर रोज हवा. आज हे काम एखाद्या कंत्राटी माळ्याकडे असतं. त्याला झाडलोट, पाणी भरणं, खुर्च्या लावणं हेही करायचं असतं, पगार चार-चार महिने थकतो, आणि विकेट बिघडली की बोलणी त्यालाच बसतात. पट्टा दोन महिने बिनपाण्याचा राहिला की भेगा सहा इंच खोल जातात. मग ती विकेट पुन्हा खणण्यावाचून इलाज नसतो.

तिसरी तक्रार मैदानाच्या वापराची. सभा, लग्नं, प्रदर्शनं, दिवाळीतले फटाक्यांचे स्टॉल, सगळं संकुलाच्या मैदानावर. मंडपाचे खांब रोवले जातात, ट्रक आत येतात, निघताना खिळे आणि बारीक खडी तशीच राहते. झेलासाठी झेप घेणाऱ्या मुलाच्या कोपरात ती खडी रुतते. भाड्याचे पैसे समितीला हवे असतात, हे समजतं. पण मैदानाचा चौक तरी तारेच्या कुंपणाने वेगळा ठेवता येतो.

निवड चाचण्यांबद्दल थोडक्यात. नांदेड किंवा हिंगोलीच्या मुलाला पुण्याला जायचं तर साडेचारशे किलोमीटर किंवा त्याहून जास्त अंतर पडतं. सूचना तीन-चार दिवस आधी येते. रात्रभर प्रवास करून पोचलेल्या मुलाला नेटमध्ये आठ-दहा चेंडू मिळतात. शिवाय १६ वर्षांखालील विजय मर्चंट करंडकाचे सामने तीन दिवसांचे, कूचबिहारचे चार दिवसांचे, आणि आमची मुलं जिल्ह्यात वर्षभर वीस षटकांचेच सामने खेळतात. दिवसभर उभं राहून फलंदाजी करणं त्यांना जमत नाही असा शेरा मिळतो. त्याची संधी त्यांना कुणी दिली आहे का?

तुलना करायची तर शेजारी विदर्भ आहे. तिथेही काळीच माती आणि तसाच उन्हाळा. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीन वेळा रणजी करंडक जिंकला. आपल्या महाराष्ट्राच्या संघाने तो शेवटचा जिंकला १९४०-४१ मध्ये. पुण्यापलीकडच्या जिल्ह्यांना खेळपट्ट्या न देता हा दुष्काळ संपेल असं आम्हाला वाटत नाही.

म्हणून आमच्या मागण्या:

पहिल्या वर्षी प्रत्येक जिल्ह्यात, जिल्ह्याचं ठिकाण सोडून, दोन तालुक्यांत तीन पट्ट्यांचा टर्फ चौक करावा. त्यासाठी एप्रिल २०२७ च्या आधी जागा ठरवून जाहीर कराव्यात. माती तलावांच्या गाळातून, स्वामित्वधन (रॉयल्टी) न घेता मिळावी, यासाठी संघटनांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे एकत्र अर्ज करावा. अर्जाचा मसुदा आम्ही करून देऊ.

प्रत्येक चौकासाठी एक प्रशिक्षित मैदानकर्मी आणि एक मदतनीस, कायम नेमणुकीवर, किमान वेतनासह आणि वेळेवर पगारासह. सध्या काम करणाऱ्या माळ्यांनाच आधी प्रशिक्षण द्यावं. त्यांच्या हाताला माती कळते. दर दोन तालुक्यांमागे एक टनाचा एक रोलर द्यावा, आणि दर हंगामाच्या शेवटी अनुभवी क्युरेटरने, म्हणजे खेळपट्टीच्या जाणकाराने, येऊन पट्टे तपासावेत.

संकुल समित्यांनी ठराव करावा की चौकावर आणि त्याच्या भोवतालच्या पंधरा मीटरमध्ये कोणताही मंडप, वाहन किंवा स्टॉल येणार नाही. विश्वचषकाचा पडदाही त्या रेषेच्या बाहेर लागावा.

१४, १६ आणि १९ वर्षांखालील चाचण्यांची एक फेरी दरवर्षी मराठवाड्यात, टर्फवर व्हावी. किमान पंधरा दिवस आधी सूचना, प्रत्येक फलंदाजाला दोन वेगळ्या दिवशी किमान तीन-तीन षटकं, प्रत्येक गोलंदाजाला किमान चार षटकं. शालेय आणि बारावीच्या परीक्षांच्या तारखा टाळाव्यात.

आंतरजिल्हा स्पर्धेत १६ वर्षांखालील गटासाठी दोन दिवसांचे किमान चार सामने ठेवावेत.

२०३१ चा एकदिवसीय विश्वचषक भारत आणि बांगलादेशात आहे. २०२७ मध्ये चौदा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा अठराचा असेल. त्याला टर्फवर चार हंगाम मिळणार की एकही नाही, हे आपल्या पुढच्या बैठकीत ठरेल. त्या बैठकीची तारीख कळवावी. मातीचे नमुने, मोजमापं आणि तालुकावार जागांची यादी घेऊन आम्ही येऊ.

आपले,
मराठवाड्यातील काही प्रशिक्षक, पंच आणि मैदानकर्मी